कोरी बाटली

आष्टीच्या ढोरांच्या दवाखान्यात टेबलावर भुऱ्या कुत्रा फेस गाळत थरथरत होता अन् रूपराव डॉक्टरांवर उखडले होते. “तुमीच तर गोचिडाचं औषध देल्लं माया पोराले, कैलासले! दोन चमचे पाजले अन् हे असं झालं.” “मी कुठलंच औषध दिलं नाही,” डॉक्टर इंजेक्शन भरता भरता थबकले. “बाटलीवरचं नाव वाचा, म्हणजे नेमका उतारा देता येईल.” बापामागं उभा असलेला कैलास एक पाऊल मागं सरला. आष्टीची चक्कर टाळायला त्यानं घरबसल्या मोबाइलवर एका साइटवरून औषध मागवलं होतं, अन् बापाला ते दवाखान्यातलं वाटावं म्हणून लेबल नखानं खरवडून टाकलं होतं. सकाळपासून ती साइटसुद्धा उघडत नव्हती. रूपरावांनी बाटली काढून त्याच्या हातात दिली. बोटांना गोंदाचा चिकटपणा लागला. “चष्मा घरीच राह्यला माया,” म्हातारा काकुळतीनं म्हणाला. “वाच ना बाबू, काय लिवलं हाय त्याच्यावर?”