चिलखती गाडीजवळचे पाच जण

“काकू, ही चिलखती गाडी कुठली? सैनिकांच्या घरच्यांच्या ग्रुपवर कुणालाच ओळखू येईना,” तन्वीरने फोन करून विचारलं.

शालनकाकूंनी त्याने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. “मागच्या दाराला सायकलची चेन दिसतेय ना? आमच्या ह्यांनीच बांधलेली ती. ह्यांचीच गाडी.”

शत्रूच्या यंत्रांना माणसं ओळखता येऊ नयेत, म्हणून सरकारने प्रत्येक सैनिकाचा चेहरा सगळीकडून पुसला होता. काकूंच्या मोबाइलमधल्या लग्नाच्या फोटोंतूनसुद्धा. काका लढायला गेले, तेव्हापासून काकू चेहऱ्यांऐवजी गाड्या ओळखायला शिकल्या होत्या.

गाडीला टेकून पाच जण उभे होते. पाचांच्याही चेहऱ्याच्या जागी नुसता करडा ठिपका.

“ह्यातले काका कोणते?” तन्वीरने विचारलं.

काकूंनी फोन ठेवला. फोटो पुन्हा उघडून मोबाइल ओट्यावर उभा केला आणि पाचही जणांना विचारलं, “जेवलात का?”