तीस नंबरची वस्ती

"फोन चांगला हाय, ताई," धम्मरत्न म्हणाला. "वाजत नाही, एवढंच."

"मंग चांगला कायले म्हणता?"

तो हसला नाही. टेबलाखाली वाकून त्यानं फोनची तार काढली आणि आपल्या लॅपटॉपला लावली. साधना उभीच होती. दारापाशी खुर्चीत पंजाबराव बसले होते, हातात मोबाइल, नजर फरशीवर. सख्खा काका, पण त्यांना या खोलीत आणायला तिला हातापाया पडावं लागलं होतं.

रजत गेल्यापासून ते तिच्याशी एकच वाक्य बोलले होते. "त्यानं तुले फोन केलता." बस. रजतची आई तानाकाकू तर साधना दिसली की रस्ता बदलायची.

रजत त्यांचा एकुलता एक. कपाशीवर बोंडअळी पडली, फवारायला गेला आणि धुऱ्यावर पडला तो उठलाच नाही. पंपात दोन जहाल औषधं कालवली होती. एवढं शिकलेलं पोरगं असं करतंच कसं, असं गाव म्हणे, आणि म्हणता म्हणता साधनाकडं पाही.

का पाहणार नाही? शेतकरी मदत कक्षात फोनवर बसते ती हीच. बाभुळगावात भिंतीभिंतीवर तिचा फोटो, खाली नंबर. आणि टेबलावरचा फोन हंगाम लागल्यापासून एकदाही वाजला नव्हता. यवतमाळच्या साहेबांना तिनं कितीदा सांगितलं. साहेब म्हणाले, "फोन नाही म्हणजे तक्रार नाही. पगार भेटते ना तुले?" कक्ष चालायचा औषधं विकणाऱ्या कंपनीच्या पैशावर. तक्रार नाही, याचं वाईट कोणाला वाटणार होतं?

परवा एसटी स्टँडवर एक म्हातारी तिला न्याहाळत म्हणाली, "आवाज लय गोड हाय वं बाई तुहा." आणि थुंकली. साधनाला वाटलं, तंबाखू असेल.

आवाजासाठीच तर तिला घेतलं होतं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, कंपनीच्या गोदामावर प्रशिक्षण झालं. काचेच्या खोलीत माइकसमोर बसवून तिच्याकडून वाचून घेतलं. औषधांची नावं, आकडे, 'हो भाऊ', 'नाही भाऊ', सगळं सुटं सुटं, बालवाडीतल्या पोरीसारखं. उच्चार पाहून राह्यलो, असं साहेब म्हणाले. ती शुद्ध बोलायला लागली तर त्यांनीच थांबवलं. "गावातल्यासारखंच बोल. भरोसा बसते."

"काकाजी, इकडं पाहा," धम्मरत्न म्हणाला. यवतमाळात नेटवर्कची कामं करायचा तो. या लाइनची देखभाल नुकतीच त्याच्याकडं आली होती. "लोकायचे फोन पहिले यवतमाळात येतात. तिथून इथवर तार एकच. कॅमेरे, बिलं, फोन, सारं तिच्यातूनच धावते, पण एक दुसऱ्याले दिसत नाही. ज्याच्या त्याच्या गळ्यात नंबर. फोनच्या गळ्यात तीस. हे स्विचचं डब्बं नंबर पाह्यते अन् त्याच दारातून सोडते. याले व्हीलॅन म्हणतात."

"म्हणजे?" साधनानं विचारलं.

"म्हणजे आपलं गाव. रस्ता एक, पण काकाजीची आळी वेगळी अन् आमची वस्ती वेगळी. माह्या बापानं कंप्युटर पाह्यला नाही, पण व्हीलॅन जन्मभर भोगला."

पंजाबरावांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"अन् माहा फोन?"

"इथं तीस नंबरले दारच ठेवलं नाही, ताई. वाजन कुठून?"

साधनाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रडूच फुटलं. "आयकलं, काकाजी? आलाच नाही फोन! रजतनं केला असंल, पण माह्यापर्यंत आलाच नाही. राखी बांधली मी त्याले. त्याचा फोन मी काहून उचलणार नाही?"

"माणूस बी पढवून आणलं तू," पंजाबराव म्हणाले.

धम्मरत्नचा चेहरा लाल झाला. तो रागानंच बोटं आपटू लागला. यवतमाळच्या स्विचची सेटिंग त्यानं उघडली, वर गेला, खाली आला आणि थांबला.

"ताई, तीस नंबर बंद नाही. तिथून बोगदा काढला हाय."

"कायचा बोगदा?"

"टनेल. एका पाकिटावर दुसरं पाकीट चढवाचं. मधल्या रस्त्याले आतलं दिसत नाही. दुसऱ्या तोंडाशी वरचं पाकीट फाडलं, का आतला फोन जसाच्या तसा बाहेर."

"दुसरं तोंड कुठं निघते?"

"लोहाऱ्याले." त्यानं पडद्याकडं बोट केलं. "अन् तिथं फोन चालूच हायेत. हे पाहा, आता बी."

"तिथं उचलते कोण?"

धम्मरत्ननं लॅपटॉपची तार काढून परत फोनला लावली. पंजाबराव उठले. हातातला मोबाइल रजतचा होता. त्यांनी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल साधनाच्या फोनशेजारी टेबलावर ठेवला.

रिंग गेली. टेबलावरचा फोन मुकाच राहिला.

पलीकडं खुट्ट झालं. काय दाबायचं हे तिकडून सांगायच्या आतच पंजाबरावांनी एक दाबला, मग दोन. बोटाला पाठ होतं.

साधना ओठ मिटून उभी होती, आणि मोबाइलमधून तिचाच गोड आवाज, शब्दाशब्दाला किंचित अडखळत, बोलू लागला, "हो भाऊ. दोन्ही औषधं. एकाच पंपात. मिसळा. काही होत नाही, भाऊ. मी साधना सांगून राह्यली."