गुरुवारी नको

"गुरुवारी नको, शुक्रवारी जाऊ," सून म्हणाली आणि माझ्या कपाळाला आठी पडली.

स्वित्झर्लंडला मुलाकडे येऊन मला दीड महिना झाला होता. सकाळच्या गाडीने निघायचं, डोंगरावरचा किल्ला बघायचा, पायथ्याच्या गावात तिकडचं काहीतरी खायचं, असं त्याने गुरुवारचं सगळं ठरवलं होतं. शुक्रवारी क्लाराचं ऑफिस असतं. म्हणजे हिला सासूबरोबर यायचंच नव्हतं!

"तिला नसेल यायचं तर आपण दोघंच जाऊ," मी मुलाला म्हटलं. "आणि तिकडचं खाणं मला नको. मी माझ्या दशम्या नेईन."

क्लाराने माझा हात धरला आणि मला फ्रिजपाशी नेलं. तिथे मी सांगलीहून आणलेलं कॅलेंडर लावलं होतं. तिला मराठी वाचता येत नाही, पण गुरुवारच्या चौकोनातल्या छोट्या गणपतीवर तिने बोट ठेवलं. संकष्टी! मी पार विसरले होते. गेल्या संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत मी जेवले नव्हते, ते मात्र तिच्या लक्षात होतं.

"गुरुवारी आई जेवणार नाही," ती एकेक शब्द जुळवत म्हणाली. "किल्ल्याखाली माझ्या आजीचं गाव. तिथली मॅकरोनी, बटाटा, चीज... आईने खायला पाहिजे. शुक्रवारी मी सुट्टी घेतली."

शुक्रवारी निघताना मुलाने विचारलं, "आई, दशम्या घेतल्यास ना?"

"काहीतरीच तुझं!" मी चपला घालत म्हटलं. "सुनेच्या आजोळी जेवायला जाताना घरून डबा कोण नेतं?"