गॅलक्सीला कोणतं इंजिन

पासष्ट सालची गॅलक्सी गाडी शेडमध्ये बॉनेट काढून उभी होती आणि तिच्या रिकाम्या पोटात डोकी घालून तीन बाप्ये भांडत होते. दोघं लोरीनचे मुलगे, रँडल आणि ड्वेन. तिसरा ओटिस. साऱ्या काउंटीची इंजिनं तो बांधायचा आणि लहान इंजिन बांधायची त्याला लाज वाटायची.

जुनं इंजिन बडबरोबर गेलं. म्हणजे लोरीनचा नवरा बड नंतर गेला, अंथरुणात. इंजिन आधी गेलं, ट्रॅकवर, ब्लॉकला मुठीएवढं भोक पाडून. तेव्हापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता. आता उन्हाळ्याच्या शर्यतींना ती पुन्हा उतरवायची असं मुलांनी ठरवलं होतं, आणि ठरवून झाल्यावर आईला कळवलं होतं.

रँडलला लिंकन गाडीतून काढलेलं, चारशेसाठ घनइंचांचं दांडगं इंजिन हवं होतं. ड्वेनला त्याच्याही पुढचं, कॉम्प्युटरवर चालणारं, नव्या जमान्याचं. ओटिसचं म्हणणं, बोटीएवढी लांबरुंद गाडी, तिला हलवायला घोडा नाही, हत्ती लागतो. आणखी एक इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं. चुलतभावाच्या पिकअपमधलं तीनशेनव्वद, बडच्या जुन्यासारखंच. त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

लोरीन शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनं आणलेली पिमेंटो चीजची सँडविचं तिघांनी संपवली होती, आणि थँक्यू एकट्या ओटिसनं म्हटलं होतं. तिचे डोळे इंजिनांवर नव्हते. गाडीच्या काचेवर होते.

त्या काचेवर आकडा तीच लिहायची. या शर्यतींचा नियमच तसा: आपली गाडी पाव मैलाला किती सेकंद घेईल ते निघण्याआधी लिहायचं, बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं, सगळ्यांना दिसेल असं. मग लिहिल्याबरहुकूम पळायचं. मागे पडलात तर हरलात, आणि शेखी मिरवत आकड्यापेक्षा जोरात गेलात तरी हरलात. लोरीन बाहेरून आकडा लिहायची, काचेवर दोन बोटं वाजवायची, आणि बड निघून जायचा. टायरांच्या धुरात ती बाटली घेऊन उभी.

"चारशेसाठ घातलं तर आत तो लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवाल?" तिनं विचारलं.

रँडलनं डोकं वर काढलं. बसवावाच लागेल, म्हणाला, तेवढ्या वेगाला नियमच आहे. दारात आडवा पाइप येणार, ही लांब सीट निघून एकट्याची खोलगट सीट येणार. ड्वेनच्या इंजिनाला तर वर डॉक्टरचा दाखलाही.

"आणि त्या पाइपावरून आत जायचं कसं?"

"पाय वर टाकून, ममा. सगळे जातात."

"माझा खुबा स्टीलचा आहे, रँडल."

ओटिस हसायला लागला. ती हसत नाही हे बघून त्यानं पाना पुसायला घेतला.

धाकटा ड्वेन जवळ आला आणि लहान पोरीची समजूत काढावी तसा बोलू लागला. तुला फेरीच मारायची असेल तर रविवारी चर्चहून येताना मी नेतो की, लांबच्या रस्त्यानं.

"फेऱ्या मारून मारून माझे केस पांढरे झाले," लोरीन म्हणाली. "तुझ्या बापानं मला या गाडीतून जत्रेला नेलं, चर्चला नेलं, तुम्हा दोघांच्या वेळी इस्पितळात नेलं. त्याला चिकटून, मधोमध बसवून. स्टिअरिंगचं चाक काही हातात दिलं नाही. मागितलं की म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात."

मग रँडल ताडपत्रीकडे बघत पुटपुटला, की त्या तीनशेनव्वदमध्ये जोर नाही, लोक हसतील.

"तिथं जोर लागत नाही. आधी सांगितलंय तसं वागावं लागतं. तुमच्या घराण्यात ते मला एकटीलाच जमतं."

ती उठली, गाडीचं दार उघडलं आणि चाकामागे बसली. सीट बडच्या लांब पायांना लावलेली होती, तशीच मागे. तिचे बूट पेडलपासून वीतभर दूर राहिले. खालची दांडी ओढली तर रूळ गंजलेले.

"ओटिस, तेल."

"हो, मिस लोरीन."

ओटिसनं गुडघ्यावर बसून तेल सोडलं. दोन्ही मुलांनी मागून रेटा दिला. सीट किंचाळली आणि अख्खीच्या अख्खी पुढे सरकली, बडची जागा आणि तिची जागा, दोन्ही एकदम. आता तिचे पाय पोचले.

तिनं एप्रनच्या खिशातून पांढऱ्या पॉलिशची बाटली काढली. म्हणजे सँडविचं घेऊन निघाली तेव्हाच ती खिशात होती. बाटली हलवली, आणि बसल्या जागेवरून समोरच्या काचेच्या कोपऱ्यात आकडा लिहिला. सोळा. बडच्या आकड्यापेक्षा हळू, पण तिचा.

रँडल फडकं घेऊन पुढे आला. "ममा, आतून लिहिलंस तू. उलटं दिसतंय."

"तुला उलटं," ती म्हणाली. "मी बसलेय तिथून सरळ आहे."

आणि दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत राहिली, जिथं अजून इंजिनच नव्हतं.