अंतरपाटानंतर

जामखेडच्या आपल्या स्टुडिओत पंकजने कलाबाईंच्या लग्नाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. "कॅसेट दरवेळी थोडी झिजते, मावशी. ही फाईल मात्र कधीच बदलायची नाही."

कॅसेटमध्ये अंतरपाट दूर होताच नवरा लगबगीने हार घालत होता. फाईलमध्ये तो हार धरून थांबला. नवरीला सोडून सरळ समोर, स्टुडिओतल्या बाकड्यावर बसलेल्या कलाबाईंकडे बघत. पंकजने तीनदा लावून पाहिलं. वाजंत्री वाजतच होती, नवरा थांबलेलाच.

"ह्यांना जाऊन वरीस झालं. लई ताटकळलं बघ मानूस," म्हणत कलाबाई उठल्या. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी पडद्यासमोर मान वाकवली.

पंकजने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नवऱ्याचे हात रिकामे होते. आणि नवरीच्या गळ्यात हार नव्हता.