आवाज फिरला की

ती स्टुलावरून उठली, तसा बाबांनी खटका खाली ओढला. ड्रम दोन फेरे कण्हला आणि थांबला.

"ऐकलास? आवाज फिरला," बाबा म्हणाले.

"ऐकला," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

ड्रममध्ये जुन्या गाड्यांचे भाग असत. बोल्ट, स्प्रिंगा, झाकणं, पट्ट्या. सोबत मूठभर साबणाची पूड, पाणी आणि बोराएवढे तिकोनी दगड. ड्रम तासन्‌तास फिरायचा. दगड घासून घासून गंज, काजळी, रंगाचे थर उतरवायचे. सुरुवातीला आवाज घोगरा यायचा. आतलं लोखंड उघडं पडलं की खणखणीत व्हायचा. त्याच क्षणी ड्रम थांबवायचा. घाई केली तर खाचांत मळ राहतो. उशीर झाला तर बोल्टचे आटे झिजतात आणि सगळा घाणा भंगारात जातो. घड्याळाचा इथे उपयोग नव्हता. प्रत्येक घाण्याचा मळ वेगळा.

हा क्षण अचूक पकडणारा कान म्हणून बाबांचं नाव होतं. बाबाही खुशीत आले की म्हणायचे, "देव कान वाटत होता तेव्हा मी रांगेत दोनदा उभा राहिलो."

तो कान सहा वर्षांपूर्वीच गेला होता. चाळीस वर्षं ड्रमला खेटून बसल्यावर दुसरं काय होणार? तिला ते एका दुपारी कळलं. आवाज कधीचा फिरला होता आणि बाबा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतच बसले होते. तो घाणा वाया गेला. बाबांनी दगडांना शिव्या घातल्या, वीज कंपनीला घातल्या, आणि दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आवाज फिरला की ती उठू लागली. कधी हात धुवायला, बहुतेक वेळा पाणी प्यायला. बाबा डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्यावर लक्ष ठेवतात, हे तिला दिसायचं. आपल्याला दिसतं, हे तिनं कधी कळू दिलं नाही. तिला फक्त एक हवं होतं. बाबांनी एकदा, एकदाच, विचारावं, "झालं का गं?"

हात धुऊन ती परतली, घाणा काढून झाला. त्या संध्याकाळी बाबा नेहमीसारखे पायी घरी गेले. चपला उलट्या का काढल्यास म्हणून तिला बोलले. सकाळी उठले नाहीत.

तीन आठवड्यांनी तिनं कारखान्याचं दार उघडलं, ते लोकांचे राहिलेले भाग परत करायला. मिस्त्री मात्र उलटा नवा डबा घेऊनच आला. तो बाबांचा जुना दोस्त, इंजिनं उघडणारा. डब्यात एका जुन्या इंजिनाचे बोल्ट होते. तसले आता कुठे मिळत नाहीत.

"काका, दुसरीकडे द्या," ती म्हणाली. "मी बंद करतेय. कान बाबांचा होता. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

बाबांसाठी आता एवढंच करता येण्यासारखं होतं. कारखाना गेला तरी चालेल, त्यांचा कान राहायला हवा.

मिस्त्रीनं डबा टेबलावर ठेवला. "बाप तसाच, पोरगी तशीच. खोटं बोलताना दोघांचंही नाक फुगतं."

तिनं डबा त्याच्याकडे परत सरकवला.

"अगं, त्यानंच सांगितलं मला. म्हणाला, माझे कान गेले. पोरगी ऐकते आणि मला लाज वाटू नये म्हणून पाणी प्यायला उठते. तहान नसताना सहा वर्षं पाणी पितेय बिचारी."

"मी मुद्दाम उठते, हे बाबांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

मिस्त्री डब्यातला एक बोल्ट बोटांत फिरवत राहिला. "मीही विचारलं. म्हणाला, उठण्याआधी ती माझ्याकडे बघते. नीट, थांबून. मोठी झालेली पोरं बापाकडे असं कुठे बघतात? सांगितलं तर ते जाईल."

तो गेल्यावर डबा तिथेच होता. दुपारपर्यंत तिनं त्याला हात लावला नाही. मग बोल्ट ड्रममध्ये ओतले, दगड टाकले, पाणी आणि पूड टाकली आणि खटका वर केला. दोन तास ड्रम घोगरा बोलत राहिला. तिसऱ्या तासाला आवाज फिरला.

तिनं बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. नीट, थांबून. मग उठली.

खटक्याकडे कुणाचा हात गेला नाही. ड्रम फिरतच राहिला. आत बोल्ट खणखणत होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर आटे झिजले असते.

तिनं खटका धरला. आणि ड्रमवर आवाज चढवून, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलतात तशी, सहा वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, झालं!"