बेताची खळ

अकोल्याच्या मे महिन्यात ऑफिसातल्या बाकीच्या बायका दुपारपर्यंत घामाने चुरगळून जायच्या, पण वनमालाताईंची सुती साडी पाच वाजेपर्यंत कडक राहायची. ते श्रेय दिगंबररावांचं. रिटायर झाल्यापासून दर रविवारी साबुदाण्याची खळ शिजवून बायकोच्या साड्या तेच बुडवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे. फक्त खळ नेहमी जास्त व्हायची.

"पुठ्ठा झालाय नुसता," सोमवारी निऱ्या घालताना वनमालाताई ओरडायच्या.

"पुढच्या रविवारी कमी घालतो," गॅलरीत पेपराआडून उत्तर यायचं.

अशाच एका रविवारी त्यांनी निळ्या काठांची साडी इस्त्री करून कपाटात ठेवली, आणि संध्याकाळी छातीत कळ येऊन ते गेले.

तेरावं झाल्यावर कामावर रुजू व्हायच्या सकाळी वनमालाताईंनी तीच साडी काढली. आज कितीही टोचली तरी नेसायची, असं ठरवून घडी मोडली. पण साडी करकरली नाही. निऱ्या पहिल्याच झटक्यात बसल्या, पदर खांद्यावर अलगद टेकला.

"काय चापूनचोपून बसलीय, ताई," सोबतीला राहिलेली धाकटी जाऊ दारातून म्हणाली. "खळ अगदी बेताची आहे."

वनमालाताई बराच वेळ पदर चाचपत राहिल्या. मग दर सोमवारसारख्याच मोठ्यानं म्हणाल्या, "पुठ्ठा झालाय नुसता."

आणि गॅलरीकडे कान देऊन उभ्या राहिल्या.